जुन्या ट्रॅव्हलरचं झालं घर, पण जॅक तोच जुना. चाक बदलायला गाडीत नेमकं काय हवं?

उमरोळी (ता. पालघर) : पालघर-बोईसर रस्त्यावर दिवसभर कंपन्यांच्या बसगाड्या, टेम्पो आणि ट्रॅव्हलर धावत असतात. तारापूर एमआयडीसीत कामगारांना ने-आण करणारी गाडी दहा-पंधरा वर्षांनी थकते, कंत्राटातून बाहेर पडते. त्यातल्या बऱ्याच भंगारात जातात. पण एखादी चांगली राहिलेली गाडी कुणी घेतो, मागच्या सीट काढतो, गाद्या, शेगडी, पाण्याची टाकी, पंख्यासाठी जादा बॅटरी बसवतो आणि घरच्यांना घेऊन वणी, शिर्डी, पंढरपूर करून येतो. राज्य सरकारने २०२१ मध्ये कॅरॅव्हॅन पर्यटन धोरण आणल्यापासून तर 'चाकावरचं घर' हा शब्द आपल्याकडेही ऐकू यायला लागला आहे. (गाडीच्या रचनेत असा बदल करायचा तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे आरटीओची मंजुरी लागते. ती न घेता केलेलं काम विम्याच्या वेळी अंगाशी येतं. पण आजचा विषय तो नाही.)

आजचा विषय आहे चाक. गाडीत गॅस आला, गाद्या आल्या, मोबाइल चार्जिंगची सोय झाली, पण सीटखाली कपड्यात गुंडाळलेला जॅक आणि पाना मात्र गाडी कारखान्यातून निघाली तेव्हाचाच. काही गाड्यांत तोही नाही. आधीच्या ड्रायव्हरने तो दुसऱ्या गाडीला दिला आणि परत आलाच नाही. हे कळतं कधी? तर रात्री दोन वाजता, मनोरच्या पुढे महामार्गाच्या कडेला, पोरंबाळं गाडीत झोपलेली असताना.

कंपनीचा किट का पुरत नाही?

गाडीसोबत येणारी हत्यारं नव्या गाडीसाठी असतात. नट नवे, आटे स्वच्छ, टायर फुगलेला, वजन ठरलेलं, जमीन सपाट आणि टणक. जुनी, आतून बदललेली गाडी यातल्या एकाही अटीत बसत नाही.

वजनाचाच हिशोब पाहा. समजा भरलेली गाडी ४ टनांची आहे आणि त्यातले अडीच टन मागच्या ॲक्सलवर येतात. एका बाजूचं चाक उचलायचं म्हणजे जॅकवर साधारण सव्वा टन येणार. पण घर केलेल्या गाडीत वजन दोन्ही बाजूंना सारखं वाटलेलं नसतं. पाण्याची टाकी १०० लिटरची असेल तर ते १०० किलो झाले. ती टाकी, जादा बॅटऱ्या आणि गॅस सिलिंडर सोयीसाठी एकाच बाजूला बसवलेले असतात. शिवाय मागे कॅरिअर, त्यावर सामान, छपरावर तंबू. म्हणून ज्या कोपऱ्याला जास्त वजन, तिथला टायर जास्त तापतो आणि फुटतोही बहुधा तोच. उचलायचा कोपराही मग सगळ्यात जड असतो. चाक बदलण्याआधी टाकी रिकामी करून टाकली तर एक मोठा माणूस दीड माणसाएवढं वजन कमी होतं. पाच मिनिटांचं काम आहे, पण आठवत कुणालाच नाही.

टायरवाल्याकडे नट आवळले जातात, आणि रस्त्यावर घोडं अडतं

रस्त्यात चाक बदलताना लोक जॅकपाशी अडतात असं वाटतं. खरं तर बहुतेक वेळा पहिल्या नटापाशीच अडतात. नट हलतच नाही.

याची दोन कारणं आहेत. पहिलं, आपली हवा. उमरोळी, केळवे, सातपाटी, दांडी, नवापूर हा सगळा पट्टा समुद्राला लागून. खारं वारं आणि चार महिन्यांचा पाऊस यांनी नटाच्या आट्यांत गंज धरतो. घाटावरच्या गाडीला जो नट चार वर्षं सहज सुटतो, तो इथे दोन पावसाळ्यांत दगड होतो. दुसरं कारण माणसाने केलेलं आहे. टायरच्या दुकानात हवेच्या गनने नट आवळतात. ट्रकची सवय असलेला हात तीच गन ट्रॅव्हलरच्या नटावर धरतो, 'टर्र' आवाज थांबेपर्यंत दाबतो आणि पुढच्या गाडीकडे वळतो. त्याचा वेळ वाचला, आपला नट गेला. जादा आवळलेला नट फक्त सुटायला जड होतो असं नाही. त्याचा स्टड ताणला जातो, आणि ताणलेला स्टड एक दिवस चालत्या गाडीत तुटू शकतो. म्हणून दुकानात उभं राहून सांगा, गनने फक्त टेकेपर्यंत फिरव, शेवटचं आवळणं हाताच्या पान्याने कर. तो तोंड वाकडं करेल. करू द्या.

आता जोर किती लागतो ते पाहू. नट फिरवण्याचा जोर म्हणजे दांड्याची लांबी गुणिले त्यावर दिलेलं वजन. एक मीटर लांब दांड्याच्या टोकाला एक किलो वजन दिलं तर साधारण १० न्यूटन-मीटर जोर होतो. साध्या मोटारीचा नट १०० न्यूटन-मीटरच्या आसपास आवळलेला असतो, ट्रॅव्हलर-मिनीबसच्या वर्गात तो आकडा त्याच्या दीडपट ते अडीचपट-तिप्पट जातो. नेमका आकडा गाडीच्या पुस्तकात असतो. पुस्तक नसेल तर कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला विचारून तो सीटमागे रंगाने लिहून ठेवावा. गंजलेला नट सुटताना यापेक्षा किती तरी जास्त जोर मागतो.

कंपनीचा इंग्रजी 'एल' आकाराचा पाना फूटभर, म्हणजे ३० सेंटिमीटर लांब असतो. त्यावर ६० किलोचा माणूस पूर्ण वजनाने उभा राहिला तरी जोर होतो साधारण १८० न्यूटन-मीटर. नट हलणारच नाही, पाना मात्र घसरेल आणि नडगी फोडेल. आता तोच पाना मजबूत पाइप चढवून ७५ सेंटिमीटरचा करा. ४५ किलोच्या बाईनेही त्यावर वजन दिलं तर ३३० न्यूटन-मीटर होतात. म्हणजे प्रश्न ताकदीचा नाहीच, लांबीचा आहे. गाडीत दणकट माणूस नसेल तर लांब टॉमी हवी, एवढाच अर्थ.

यातून पान्याची निवड ठरते. चारतोंडी क्रॉस पाना दिसायला छान, वेगवेगळ्या चार मापांचा, आणि मोटारीला तो उत्तमच. पण मोठ्या गाडीला त्याची दांडी अपुरी पडते आणि पाइपही नीट चढत नाही. जुन्या ट्रॅव्हलरसाठी उत्तम म्हणजे नटाच्या मापाची जाड गोटी, तिला लांब सरळ टॉमी, आणि टॉमीवर बसेल असा जाड लोखंडी पाइप. गोटी सहा कोनांची घ्या, बारा कोनांची नको. बारा कोनांची गोटी नटाला फक्त टोकांवर धरते, गंजलेल्या नटाचे कोपरे ती गोल करून टाकते, आणि कोपरे गेलेला नट रस्त्यावर सोडवणं जवळपास अशक्य. मग छिन्नी-हातोडा, गॅस कटर, टोइंगवाला, सगळं ओघाने आलं.

गोटीचं माप अंदाजाने घेऊ नका. जुन्या गाडीला आतापर्यंत चार गॅरेजवाल्यांचे हात लागलेले असतात. पुढच्या चाकाला मूळचे नट, मागच्याला दुसऱ्याच गाडीचे, त्यातही एक वेगळ्या मापाचा, असा प्रकार नेहमीचा आहे. सगळ्या चाकांच्या सगळ्या नटांवर गोटी एकेकदा बसवून पाहा. नटाचा निमुळता भाग चाकाच्या भोकाकडे आहे ना, हेही तेव्हाच बघा. उलटा बसवलेला नट आवळल्यासारखा वाटतो पण चाक धरत नाही.

आणखी एक खोच. काही जुन्या ट्रक-बसना डाव्या बाजूच्या चाकांना उलटे आटे असतात. नेहमीच्या दिशेने सोडवायला जाल तर तो नट आणखी आवळला जातो, आणि मोठी टॉमी असेल तर स्टडच मोडतो. अशा स्टडच्या किंवा नटाच्या तोंडावर बहुधा इंग्रजी 'एल' अक्षर कोरलेलं असतं. गंज घासून ते पाहून घ्यावं. मोठ्या जुन्या बसचं घर केलेलं असेल तर हे आधी पाहा.

पान्यासोबत एक तारेचा ब्रश आणि गंज सोडवणाऱ्या तेलाची बाटली ठेवा. तेल मारून पंधरा-वीस मिनिटं थांबायचं, घाई करायची नाही. चाक परत बसवताना मात्र आट्यांवर ग्रीस चोपडण्याची हौस नको. ग्रीसमुळे नट सहज फिरतो, हाताला हलका लागतो आणि नकळत जास्त आवळला जातो. आटे ब्रशने कोरडे स्वच्छ करणं पुरे. ग्रीसचं बोट फिरवायचंच असेल तर हबच्या मधल्या गोल कडेवर, जिथे रिम टेकते तिथे फिरवा. कारण आपल्याकडे नट सुटूनही चाक हबला गंजाने चिकटून राहतं. असं झालं तर जॅकवरच्या गाडीला लाथा घालू नका. नट दोन-तीन आटे सैल, पण जागेवर ठेवून गाडी जमिनीवर उतरवा. गाडीच्या वजनानेच चाक कडकन सुटतं. मग पुन्हा उचला.

बॅटरीवर चालणारी छोटी गन आजकाल मिळते. चांगल्या प्रतीची असेल तर नट सोडवायला मदत होते. पण तिच्या भरवशावर टॉमी घरी ठेवू नये. बॅटरी उतरलेली असते तेव्हाच टायर फुटतो. आणि आवळताना गन नकोच. तिथे नेमका जोर दाखवणारा टॉर्क पाना असेल तर सर्वांत चांगलं. तो फक्त आवळायला वापरायचा. गंजलेला नट त्याने सोडवायला गेलात तर त्याचं मोजमाप कायमचं बिघडतं.

जॅक: टनांबरोबर उंचीही बघा

दुकानात जॅक मागितला की दुकानदार विचारतो, किती टनी? आपण म्हणतो, पाच टनी. तो देतो, आपण आणतो. आणि टायर बसल्यावर कळतं की जॅक ॲक्सलखाली शिरतच नाही.

५ टनी बाटली जॅक बंद असताना साधारण २० सेंटिमीटर उंच असतो. हवा भरलेल्या चाकावर ॲक्सलखाली जागा भरपूर दिसते. पण टायर पूर्ण बसला की गाडी रिमवर येते आणि ती जागा निम्म्यावर येते. म्हणून मोजमाप टायर बसलेला असताना घ्यावं लागतं. घरी करायचं असेल तर व्हॉल्व्ह काढून एका चाकाची हवा सोडा आणि जमिनीपासून ॲक्सलपर्यंतची उंची टेपने मोजा. पुढच्या चाकाची वेगळी, मागच्याची वेगळी. दुसरी उंचीही तितकीच महत्त्वाची. फुगलेली स्टेपनी बसायला गाडी किती वर जायला हवी? जॅक पूर्ण उघडूनही ती उंची गाठत नसेल तर खाली फळी द्यावी लागणार. फळी आधीच मोजून ठेवलेली बरी. जॅक शिरतच नसेल तर बसलेलं चाक हळूच दीड-दोन इंचाच्या फळीवर चढवायचं, तेवढी जागा मिळते. मागे जोडचाकं असतील तर त्यातलं चांगलं चाक फळीवर घ्या.

टन मात्र हिशोबापेक्षा जास्तच ठेवा. वर पाहिलं तसं वजन सव्वा टन असलं तरी २ टनी जॅक नको. मोटारीचा कात्री जॅक तर मुळीच नको. तो एवढ्या उंच, झुलणाऱ्या गाडीसाठी नाही, बाजूने थोडा धक्का लागला की लवतो.

जॅक लावायचा ॲक्सलखाली किंवा चासीच्या ठरलेल्या जागेवर. बॉडीच्या पत्र्याखाली नाही. घर केलेल्या गाडीत खाली टाकीचे, गॅसचे पाइप आणि वायरी गेलेल्या असतात, अंधारात जॅकचं डोकं त्यातच घुसतं. जागा ठरली की तिथे पांढऱ्या रंगाने खूण करून ठेवा.

तेलाचा जॅक कित्येक वर्षं पडून राहिला की त्याची रबरी सील सुकते. वर जातो, पण वजन धरत नाही, हळूहळू खाली बसतो. आडवा ठेवलेल्या जॅकमधून तेल गळतं, हवा शिरते. म्हणून वर्षातून दोनदा, पावसाळ्याआधी आणि दिवाळीच्या सुमाराला, गाडी उचलून दहा मिनिटं तशीच ठेवा आणि पाहा. बसत असेल तर तो जॅक गाडीत ठेवू नका. जो जॅक आहे असं वाटतं पण नाही, तो नसलेल्या जॅकपेक्षा घातक.

आणि हे लिहूनही पुरेसं होत नाही असं वाक्य: जॅकवरच्या गाडीखाली हात, डोकं, पाय काहीही घालायचं नाही. गॅरेजमध्ये गाडी उचलल्यावर खाली लोखंडी स्टँड म्हणजे घोडी देतात. रस्त्यावर घोडी नसते, पण स्टेपनी असते. चाक काढायच्या आधी स्टेपनी चासीखाली आडवी सरकवा. चाक निघालं की काढलेलं चाक तिच्या जागी ठेवा आणि स्टेपनी बाहेर घ्या. जॅक सुटला तरी गाडी त्या चाकावर येऊन थांबते. यासाठी पैसा लागत नाही, नवं हत्यार लागत नाही.

जमीन

जून ते सप्टेंबर आपल्या भागातली रस्त्याची कड म्हणजे काय ते सांगायला नको. वर मुरूम, खाली भातशेतीची मऊ माती. बाटली जॅकचा तळ साधारण १२ बाय १२ सेंटिमीटर, म्हणजे १४४ चौरस सेंटिमीटर. त्यावर सव्वा टन आला तर प्रत्येक चौरस सेंटिमीटरला जवळपास ९ किलो दाब येतो. ओल्या मातीत तो सुईसारखा घुसतो. गाडी वर जाण्याऐवजी जॅकच खाली जातो, आणि सरळ खाली जात नाही, तिरका होतो. खाली ३० बाय ३० सेंटिमीटरची, दोन इंच जाडीची लाकडी फळी टाकली तर तोच दाब दीड किलोच्या आत येतो. जुन्या चौकटीचा सागवानी तुकडा मिळाला तर त्यापेक्षा चांगलं काही नाही. वीट नको, ती मधोमध फुटते. रस्त्याकडेचा दगडही नको.

दोन फळ्या ठेवा. एक जॅकला, दुसरी चाक चढवायला. आणि लाकडाच्या दोन पाचरी.

हँडब्रेक ओढला, गिअर टाकला, तरी गाडी का सरकते?

पाचरींबद्दल थोडं सविस्तर सांगावं लागेल, कारण अपघात इथेच होतो. बहुतेकांचा समज असा की हँडब्रेक ओढून गाडी पहिल्या गिअरमध्ये टाकली की झालं. सपाट जमिनीवर, चारही चाकं खाली असताना ते खरं आहे. मागचं एक चाक उचललं की चित्र बदलतं.

ट्रॅव्हलरसारख्या गाडीत इंजिनाचा जोर मागच्या चाकांना डिफरन्शियलमधून जातो. डिफरन्शियलचं कामच हे की एक चाक दुसऱ्यापेक्षा वेगळं फिरू द्यायचं. गिअर टाकल्यावर मधला दांडा अडकतो खरा, पण उचललेलं चाक हवेत मोकळं असतं. ते उलटं फिरतं आणि जमिनीवरचं चाक सुलटं फिरू शकतं. म्हणजे गिअरने गाडी धरलेलीच नाही. हँडब्रेक मागच्या दोन्ही चाकांना असेल तर आता फक्त एकाच चाकाचा ब्रेक शिल्लक आहे, आणि जुन्या गाडीत त्या एका चाकाचा लायनर कसा आहे ते कुणास ठाऊक. काही जुन्या गाड्यांत हँडब्रेक चाकांना नसून गिअरबॉक्समागच्या दांड्यालाच असतो. मग चाक उचलताच तोही गिअरसारखाच निकामी.

म्हणून जमिनीवर राहणाऱ्या चाकाला, शक्यतो तिरप्या कोपऱ्यातल्या, पुढून आणि मागून अशा दोन्ही बाजूंनी पाचरी ठोकायच्या. मागचं डावं उचलायचं असेल तर पुढच्या उजव्याला. वाघोबा खिंडीसारख्या उतारावर पाचरी असल्या तरी चाक बदलूच नये. गाडी अगदी हळू, चालत्या माणसाच्या वेगाने खाली सपाटीला आणावी. टायर कामातून जाईल, कदाचित रिमही. जाऊ द्या.

स्टेपनी म्हणजे फक्त पाचवं चाक नव्हे

घर केलेली गाडी वर्षात फार तर दोन-तीन प्रवास करते. बाकी वेळ उन्हात उभी. तिचे टायर झिजून नाही, म्हातारे होऊन जातात. टायरच्या बाजूवर लांबुळक्या चौकटीत चार आकडे असतात. २३१९ असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनलेला. स्टेपनीवरचे चार आकडे पाहा. नक्षी कोरी करकरीत आणि वय बारा वर्षं, असं बरेचदा निघतं. बाजूला बारीक भेगा दिसल्या तर ती स्टेपनी शोभेची आहे.

गाडीखाली साखळीने टांगलेली स्टेपनी असेल तर ती आज उतरवून पाहा. पावसाळी चिखल आणि खारं वारं यांनी साखळीचं यंत्र गंजून बसतं, स्टेपनी डोळ्यासमोर लटकते आणि हाती येत नाही. हवाही तपासा. अशा टायरला मोटारीसारखी ३०-३५ पौंड नव्हे, ५०-६० पौंड किंवा त्याहून जास्त हवा लागते. मोटारीचा छोटा पंप एवढी हवा भरता भरता तापून बंद पडतो. पंप घ्यायचाच असेल तर जास्त दाबाचा, थेट बॅटरीला चिमटे लावून चालणारा घ्या. मागच्या जोडचाकांतल्या आतल्या चाकाला हवा भरायला लांब नळीही लागते.

नव्या मोटारींत स्टेपनी देतच नाहीत, मग आपल्याला कशाला, असं कुणी म्हणेल. २०२० मध्ये केंद्राने नियम बदलला तो साडेतीन टनांपर्यंतच्या छोट्या प्रवासी मोटारींसाठी, आणि तेही ट्यूबलेस टायर, पंक्चरचा किट आणि टायरची हवा दाखवणारी यंत्रणा असेल तरच. जुन्या ट्रॅव्हलरला त्याचा काही उपयोग नाही.

रिंगचं चाक असेल तर हात लावू नका

जुन्या टेम्पो, मिनी ट्रक आणि बसच्या काही चाकांना अखंड रिम नसते. टायर रिमवर चढवून बाजूने लोखंडी रिंग बसवलेली असते. आत ट्यूब. ही रिंग नीट बसली नसेल किंवा गंजून कमजोर झाली असेल तर हवा भरताना ती सुटते, आणि ६०-७० पौंड दाबाने उडालेली रिंग माणूस मारते. टायरच्या दुकानात चाक लोखंडी पिंजऱ्यात ठेवून किंवा निदान साखळीने बांधून, लांब नळीने हवा भरायला हवी. तसं होत नसेल तर दुकान बदला. आपण करायचं ते एवढंच: असं चाक रस्त्यावर स्वतः खोलायचं नाही, आणि टायर बसलेला असेल तर चाक सोडवण्याआधी व्हॉल्व्ह काढून उरलेली हवाही जाऊ द्यायची. जोडचाकांत आतल्या चाकाचीसुद्धा. आपली चाकं रिंगची आहेत की नाहीत हे माहीत नसेल तर गॅरेजवाला एका नजरेत सांगतो.

महामार्गावर

चिल्हार फाट्याने किंवा मनोरमार्गे महामार्गाला लागलं की गोष्ट वेगळी होते. आपल्याकडे गाडी डाव्या कडेला थांबते, म्हणजे डावं चाक गेलं तर माणूस निदान गाडीच्या आड असतो. उजवं चाक गेलं तर पाठ थेट वाहतुकीकडे. उजव्या चाकासाठी कडेला थांबून काम सुरू करू नका; पुढचा पेट्रोल पंप किंवा ढाब्याचं आवार गाठा, हळू गेलात तर दोन किलोमीटर टायरचा चोथा होईल एवढंच. तेही जमत नसेल तर माणसं उतरवून रस्त्यापासून लांब, कठड्यापलीकडे उभी करा आणि १०३३ या महामार्ग हेल्पलाइनला फोन करा. जखमी कुणी असेल तर १०८, पोलिसांसाठी ११२.

चमकणारा लाल त्रिकोण गाडीला चिकटवून ठेवायचा नसतो. मागून ८०च्या वेगाने येणारा ट्रक दर सेकंदाला २२ मीटर कापतो. त्रिकोण गाडीमागे दहा पावलांवर असेल तर ड्रायव्हरला पुरतं अर्धं सेकंदही मिळत नाही. महामार्गावर तो निदान शंभर पावलं मागे हवा. झाडाच्या फांद्या आणि दगड ठेवायची आपली जुनी रीत आहे. दगड नंतर तिथेच राहतात आणि मागून येणाऱ्या मोटारसायकलवाल्याचा जीव घेतात. चमकणारं जाकीट आणि कपाळाला बांधायची बॅटरी सोबत असू द्या. मोबाइलचा टॉर्च तोंडात धरून नट सोडवता येत नाही. ज्यांनी प्रयत्न केला आहे त्यांना ठाऊक आहे.

हे सगळं कुठे ठेवायचं हा छोटा पण खरा प्रश्न आहे. गाद्यांखालच्या कप्प्यात ठेवलं तर रात्री झोपलेल्या माणसांना उठवून, सामान पावसात उतरवून हत्यारं काढावी लागतात. दाराजवळ, बाहेरून हात पोहोचेल अशा लोखंडी पेटीत ठेवा. जॅक उभा, पट्ट्याने बांधलेला.

एकदा अंगणात करून पाहा

निघायच्या आठवडाभर आधी, दिवसाउजेडी, सपाट जागेवर एक मागचं आणि एक पुढचं चाक पूर्ण काढून परत बसवा. गॅरेजमध्ये नाही, गाडीतल्याच हत्यारांनी. जो गाडी चालवणार त्याने, आणि सोबत जाणाऱ्या दुसऱ्या एकाने. क्रम असा: पाचरी, मग चाक जमिनीवर असतानाच सगळे नट अर्धा फेरा सैल, मग जॅक. चाक हवेत असताना टॉमीवर वजन दिलं तर गाडी जॅकवरून ढकलली जाते, म्हणून हा क्रम उलटा करायचा नाही. बसवताना नट आधी हाताने टेकवा, मग समोरासमोरचे, एक वरचा एक खालचा असे आवळत जा. शेजारशेजारचे आवळले तर चाक तिरकं बसतं. शेवटचं आवळणं गाडी खाली उतरवल्यावर.

यात दोन तास जातात आणि काही ना काही सापडतं. गोटी बसत नाही, फळी आखूड पडते, साखळी अडकते. ते सगळं उमरोळीत सापडलं तर पालघर किंवा बोईसरच्या बाजारातून त्याच दिवशी आणता येतं.

प्रवासात चाक बदललं तर साधारण ५० किलोमीटरवर थांबून नट पुन्हा एकदा पाहायचे. मनोरला बदललं असेल तर तलासरीच्या आसपास. नवीन बसवलेलं चाक थोडं जागेवर बसतं आणि नट सैल पडतात. चहाला थांबाल तेव्हा टॉमी काढून प्रत्येकावर एकदा वजन द्या. आणि पंक्चर झालेलं चाक त्याच थांब्यावर दुरुस्तीला टाका, नाहीतर पुढच्या वेळी स्टेपनीच्या जागी तेच लटकलेलं सापडेल.